छाट

आईनं तंबाखू सोडली.
म्हणजे खायची नव्हे,
ती तिच्या दाताला कधी लागली नाही.
हाताची सोडली.

सत्तावीस वर्षं मांडीवर सूप,
सुपात पानं, कात्री, पत्र्याचं माप, दोऱ्याची गुंडी.
रोज हजार विड्या.
माझं बी.कॉम., अप्पांचं ऑपरेशन, घरकुलातली ही दीड खोली,
सगळं त्या सुपातूनच पाखडून निघालेलं.

गेल्या आषाढात, बोनालूच्या आठवड्यात,
शेजारची अंबव्वा तिला घेऊन गेली
येमूल शेठच्या बंद कारखान्यात.
माग भंगारात गेलेत,
फरशीवर त्यांच्या पायांचे तेलकट चौकोन तेवढे उरलेत.
त्यावर पांढऱ्या सतरंज्या, पुढे पडदा,
पडद्यावर माताजी.
कुठल्या गावच्या कुणास ठाऊक,
हिंदी बोलतात, थांबून थांबून.

याच शेडमध्ये अप्पांचे कान गेले.
आई परत आली ती चप्पल न काढताच म्हणाली,
"तिथं आवाज येत नाही गं. कसलाच."
ओंजळीत काहीतरी झाकून आणल्यासारखी उभी होती दारात.
मग हळूच,
"राजमणीजी म्हणाले मला."

विडी कारखान्यात ती चारशे बारा.
चारशे बारा, पानं ओली आहेत.
चारशे बारा, छाट फार निघते तुझी.

मार्कंडेयाचा फोटो काढा, असं कुणी सांगितलं नाही.
फक्त फुलं आणायचं राहत गेलं.
नारळी पौर्णिमेला अप्पा एकटेच रथापुढे जाऊन आले,
नवं जानवं घालून,
आणि तिला काही बोलले नाहीत.
किंवा बोलले असतील,
ते फार मोठ्यानं बोलतात किंवा बोलतच नाहीत.

नऊ नियम. चौथा तंबाखूचा.
आईनं प्रश्नपेटीत चिठ्ठी टाकली, तेलुगूत,
चौथी शिकलेल्या अक्षरात:
खात नाही, वळते. चालेल का?
तीन आठवड्यांनी पडद्यावरून उत्तर आलं.
हात जिथं, मन तिथं.
त्या रात्री सूप भिंतीला टेकलं.

मी भांडले.
भाडं माताजी भरणार का, म्हणाले.
ती भांडी घासत राहिली.

आता मोबाइलच्या दुकानातून आठला सुटते
आणि साडेआठला सूप मांडीवर घेते.
कार्ड तिचंच. ते बंद पडलं तर फंड अडकतो.
म्हणजे कागदावर आई अजून वळतेच आहे,
आणि तिचं पुण्य माझ्या नखांतल्या काळ्यावर चाललंय.
"तुझ्या देवाला कळलं तर?" अप्पा एकदा हसून ओरडले.
ती म्हणाली, "देव कार्ड बघत नाही बे."
त्यांना ऐकू गेलं नाही.

समोर बसते ती, जप करत.
तिथंही रोज हजारच.
बोटात घालायचा काउंटर दिलाय त्यांनी,
तो पिशवीत पडून आहे.
हजाराला तिची बोटं आपोआप थांबतात.
डोळे मिटलेले, आणि अंगठा
प्रत्येक नावाचं तोंड दुमडून बंद करतो.

काल विचारलंच मी,
"आई, त्या हजारात छाट किती निघते?
सैल, फाटकी, मधेच पोकळ नावं?"
मला वाटलं, चिडेल.
तिनं खरंच हिशोब केला.
"तीसेक निघत असतील."
जरा थांबून,
"पण तिथं समोर धरून मोडत नाही कुणी."

मी दोरा तोडला, कट्टा खाली ठेवला.
तिचे डोळे त्याच्यावरून फिरले,
हात पदराखाली.
"ती कडेची," ती म्हणाली,
"सैल आहे. उसव."